लाल तेलाची गाडी

गॅरेजवाल्याला गाडीपेक्षा गाडीवाला जास्त छळतो. श्रीगोंद्याचे एक ऊसवाले होते. त्यांच्या ट्रकचे ब्रेक लागत नव्हते आणि ते मला म्हणत होते, "आधी हॉर्न मोठा बसवा, ब्रेकचं पुढच्या खेपेला बघू." देवळाली प्रवराचे एक बागायतदार जीपमधून खडखड आवाज येतो म्हणून तीन वेळा आले. तिसऱ्या वेळी मी वैतागून सीट उचलली, तर खाली त्यांचं हरवलेलं खुरपं. तेव्हापासून आवाजाची तक्रार आली की मी आधी सीट उचलायचो.

असे किस्से सांगायला बसलो तर दिवाळी अंक भरेल. पण यंदा लिहायला बसलो आणि डोळ्यांसमोर आली ती एक हिरवी अमेरिकन पिकअप, पाण्याची टाकी ओढणारी. चाळीस वर्षं ग्रीसमध्ये हात घातले, पण जळक्या तेलाचा वास आला की अजून मी हातातलं काम टाकून उठतो, ते त्या गाडीमुळे.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नगरला माझं गॅरेज नवं होतं. त्याआधी मी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम केलेलं, त्यामुळे परदेशी गाडी कुठे अडली की लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. एका सकाळी पेंडीच्या ट्रकमागे साखळीने बांधलेली ही पिकअप दारात येऊन उभी राहिली. ट्रकच्या केबिनमधून डॉक्टर मालतीबाई उतरल्या. सोनईच्या बाजूने घाट चढून गेलं की वर माळावर त्यांचं छोटं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. परदेशातल्या कुणा दात्याने ही जुनी गाडी त्यांना बोटीने पाठवली होती. वरच्या विहिरी आटल्यावर पत्र्याची टाकी बसवलेली ट्रॉली या गाडीमागे जोडून त्या खालच्या एका मळ्यातून पाणी आणवत होत्या.

पिकअपच्या स्टिअरिंगवर बसला होता त्यांचा ड्रायव्हर कोंडीराम. पन्नाशीचा, सुकलेला, डोक्याला मळका रुमाल. या गाडीला क्लच नव्हता. आपलं आपण गियर बदलणारी, म्हणजे ऑटोमॅटिक गाडी होती ती. डाव्या पायाला काही कामच नाही म्हटल्यावर कोंडीरामने तो सीटवर मांडी घातल्यासारखा दुमडून ठेवला होता.

"साखळीने ओढत आणली?" मी ओरडलोच. "चाकांकडे जाणारा मागचा शाफ्ट सोडल्याशिवाय ही गाडी ओढायची नसते, दादा!"

"का वं?"

"हिच्या गियरबॉक्सला तेल फिरवायला पंप आहे. तो इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं मात्र आतलं सगळं फिरवत राहतात, कोरडंच."

कोंडीरामने मान डोलावली. "म्हंजे दुसऱ्या गाडीनं वढायची न्हाई. ध्यानात ऱ्हाईल."

त्याच्या ध्यानात ते राहिलं, अगदी तेवढंच राहिलं. त्याचा हिशेब पुढे येईल.

गियरबॉक्स खोलला तर आतल्या, गियर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या जळून काळ्या पडलेल्या. मालतीबाई तिथेच स्टुलावर बसून होत्या. पुण्याच्या, बोलणं तुटक. मला म्हणाल्या, "मिस्त्री, बैल सगळे चाऱ्याच्या छावणीत गेलेत. पाणी आणायला माझ्याकडे दुसरं काही नाही. सोळा बाया दाखल आहेत. पाणी थांबलं तर हॉस्पिटल बंद करा, असं आमच्या विश्वस्तांनी सांगितलंय. आणि बंद केलेलं हॉस्पिटल पुन्हा उघडत नाही, हे मला माहीत आहे. ही गाडी घाट चढेल की नाही, तेवढं सांगा."

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरायला लागतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये असेच दोन पंखे असतात, फक्त वाऱ्याऐवजी तेल असतं. लालभडक, पातळ तेल. मागे पाण्याची टाकी आणि समोर चढ असला की पहिला पंखा जोरात फिरतो, दुसरा मागे रेंगाळतो, आणि मधलं तेल तापतं. हे तेल गार करायला नळीने पुढे रेडिएटरमध्ये नेलेलं असतं. पण उन्हाळ्यात घाटात रेडिएटरच उकळत असेल तर तेल कशाने गार होणार? तापलेलं तेल जळतं, मग पट्ट्या घसरतात, घसरल्या की आणखी तापतात. त्यानंतर इंजिन कितीही ओरडलं तरी गाडी जागची हलत नाही.

म्हणजे पट्ट्यांना नवं अस्तर लावून भागणार नव्हतं; ते तर लावलंच, पण या तेलासाठी वेगळा गारवा हवा होता. मी आमच्या भंगार बाजारात गेलो. लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्यांचा माल तिथे यायचा. ढिगाऱ्यात एक ऑइल कूलर मिळाला. पितळी नळ्यांची जाळी, रेडिएटरचं धाकटं भावंडच म्हणा. पेट्रोलने आतून धुतला, कण यायचे थांबेपर्यंत धुतला. मग तो रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या तोंडावरच्या जाळीच्या मागे, थेट वारा लागेल असा रबराच्या तुकड्यांवर बसवला. तेल आधी रेडिएटरमधून आणि मग या कूलरमधून फिरून परत जाईल अशा नळ्या जोडल्या. गियरबॉक्समधून तापलेलं तेल ज्या नळीने बाहेर पडतं, तिच्यावर भंगारातलाच एक उष्णतेचा काटा लावला आणि तो कोंडीरामच्या समोर आणून बसवला. काट्याच्या काचेवर लाल रंगाचा ठिपका दिला.

"दादा, काटा या ठिपक्याच्या खाली ठेवायचा. ठिपक्याला टेकला तर गाडी उभी करायची."

"ठिपक्याच्या खाली," कोंडीराम म्हणाला. "ठेवतो की."

पहिल्या चढाला मी स्वतः बरोबर गेलो. मळ्यात टाकी भरली आणि घाटाला लागलो. काटा वर सरकत होता आणि मी त्यावरून नजर काढत नव्हतो. शेवटच्या वळणावर तो ठिपक्याच्या बोटभर अलीकडे थांबला आणि तिथेच राहिला. वर पोचल्यावर बायांनी घागरींची रांग लावली, मालतीबाईंनी चहा पाजला, आणि मी ऐटीत दुपारच्या एसटीने नगरला परतलो.

आठवड्यात निरोप आला. आमच्याकडे तेव्हा निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचे. "गाडीला वास येतोय."

गेलो. तेल मोजायची दांडी काढून नाकाशी धरली. लाल तेल विटकरी झालेलं, वास जळका. माझं डोकं चालेना. कूलर तुंबला असेल म्हणून परतीची नळी सोडून डब्यात धरली, इंजिन चालू केलं. धार सणसणीत, म्हणजे कूलर मोकळा. तेल बदललं. चढाला आता पायथ्यापासूनच गियरची दांडी हाताने ओढून गाडी लहान गियरमध्ये टाकायची, म्हणजे पंखे कमी घसरतील, असं कोंडीरामला शिकवलं. पुन्हा भरल्या टाकीनिशी त्याच्याबरोबर घाट चढलो. काटा ठिपक्याच्या जवळही गेला नाही. पुन्हा चहा, पुन्हा एसटी.

आणि पुन्हा निरोप.

या वेळी मी खरोखर घाबरलो. ते लाल तेल इथे मिळत नसे, मुंबईहून मागवावं लागे, आणि माझ्याकडे शेवटचे डबे उरले होते. ते घेऊन सकाळची एसटी धरली. माळावर उतरलो तर पिकअप हॉस्पिटलच्या आवारात उभी, मागे रिकामी टाकी, कालपासून खेप नाही. कोंडीराम पायरीवर बसलेला. डोक्याचा रुमाल हातात.

"पोरगी आत हाय," तो म्हणाला.

मला समजेना. मालतीबाई बाहेर आल्या, त्यांनी सांगितलं. कोंडीरामची लेक पारू पहिल्या बाळंतपणाला बापाकडे आली होती. दिवस भरायला अवकाश होता, पण पहाटे कळा सुरू झाल्या. मूल पोटात आडवं होतं. ऑपरेशन करावं लागणार होतं.

"तिला नगरला नेऊ या," मी म्हणालो.

"तितका वेळ ती काढणार नाही. आणि ही गाडी मध्येच थांबली तर? रस्त्यात मी काय करू?" त्यांनी आवाज खाली आणला. "गावाने घरातलं पाणी आणून दिलं, ते सोळा बायांना प्यायला ठेवलंय. दोन घागरी उकळल्यात. दोन घागरींवर मी कुणाचं पोट उघडणार नाही, मिस्त्री. दुपारपर्यंत तिला धरून ठेवते. त्यापुढचं माझ्या हातात नाही."

आतून पारूचं कण्हणं ऐकू येत होतं. मी गाडीखाली शिरलो. करपलेलं तेल सोडलं, शेवटचे डबे ओतले. गाडी पुढे-मागे करून पाहिली. धरत होती, पण कच खाऊन धरत होती. एक खेप होईल की नाही, याची खात्री मला नव्हती. तसं मी कोंडीरामला बोललो नाही. त्याच्या शेजारी बसलो आणि निघालो.

घाटाच्या तोंडाशी आलो. उतार लागला. कोंडीरामने सवयीने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. फक्त वाऱ्याचा आवाज आणि मागे रिकाम्या टाकीची खडखड.

"दादा, काय केलंत?"

"उतार हाय न्हवं," तो म्हणाला. "आमच्या शेटचा ट्रक चालवत हुतो तवापासनं उताराला इंजिन बंदच. शेट लई खूश असायचा. बाईंचं पेट्रोल बी दानाचंच हाय, वाचवाया नगं?" मग त्याने काट्याकडे बोट दाखवलं. "आन् ह्ये बगा, काटा कसा खाली येतुया. तुमी सांगितल्यापासनं मी पुरा घाट असाच उतरतो. आदी निम्मा उतरत हुतो. खाली जाईस्तवर गाडी गार करून घ्येतो, मग वर चढाया बरी."

काटा खरोखरच खाली येत होता. येणारच. इंजिन बंद, म्हणून पंप बंद, म्हणून तापलेलं तेल त्या नळीपर्यंत येतच नव्हतं. नळी गार होत होती आणि काटा इमानाने नळीचा गारवा दाखवत होता. आत गियरबॉक्समध्ये चाकं सगळं कोरडं घासत होती, पुरा घाट, रोज दोन-तीन खेपा. मी दोन्ही वेळा वर चढताना बरोबर होतो आणि वरून एसटीने घरी गेलो होतो. खाली उतरताना मी कधी बसलोच नव्हतो.

"चालू करा!" मी किंचाळलो. "आधी चालू करा!"

त्याने दचकून किल्ली फिरवली. इंजिन लागलं, पंप फिरला, तेल नळीत आलं, आणि काटा उडी मारून थेट ठिपक्याच्या पलीकडे गेला. कोंडीराम त्याच्याकडे बघतच राहिला. गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि इंजिन चालूच ठेवून उभे राहिलो, तेल कूलरमधून फिरून गार व्हावं म्हणून. त्या उन्हात तिथे नुसतं उभं राहणं नकोसं झालं होतं. वर पोरगी तळमळत होती आणि आम्ही काट्याकडे बघत होतो.

"मंजी मीच जाळली व्हय?" कोंडीरामने हळूच विचारलं.

ओढण्याबद्दल सांगितलं होतं ते तो अक्षरशः पाळत होता. इंजिन बंद ठेवून घाट उतरणं म्हणजे उताराने गाडी ढकलत नेणं आणि ते ओढण्यासारखंच, हे मी त्याला कधी बोललो नव्हतो. काटा खाली ठेव म्हणालो होतो, तेही त्याने पाळलं होतं. मी म्हणालो, "ते मागून बघू. आता मी सांगेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. काही झालं तरी."

"काई झालं तरी," तो म्हणाला. दुमडलेला डावा पाय त्याने खाली सोडला.

काटा खाली आल्यावर उतरलो, मळ्यात टाकी भरली. इंजिन चालूच. घाटाच्या पायथ्याला लहान गियर टाकला आणि चढायला लागलो. पहिली वळणं बरी गेली. मग वास आला, तोच. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहिला. काटा ठिपक्याला टेकला. शेवटून दुसऱ्या वळणावर गाडी थांबली. इंजिन ओरडत होतं आणि चाकं फिरत नव्हती. कोंडीरामने हँडब्रेक ओढला, मी उडी टाकून दगड लावले.

माझ्यापुढे एकच उपाय होता आणि तो तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "दादा, कूलरवर पाणी ओतलं तर तेल लवकर गार होईल. पण ते पाणी यातलंच."

त्याने मागे टाकीकडे पाहिलं. त्या वर्षात कुणी तांब्याभर पाणी सांडलं तर भांडणं व्हायची.

"वता," तो म्हणाला. "वता मिस्त्री, वर न्हाई पोचलं तर त्येचा काय उपेग हाय?"

टाकीची तोटी सोडून बादली भरली आणि जाळीवर ओतली. फस्सकन वाफ आली. दुसरी ओतली, तिसरी ओतली. कडेला शेरडं राखणाऱ्या दोन बाया होत्या. त्या धावत आल्या. मला वाटलं आता शिव्या खायच्या. "आरं, येड लागलं का तुमाला? पानी मातीत वतताय?" एक म्हणालीच. कोंडीराम खिडकीतून ओरडला, "आक्का, माझी पारू अडलीया!" तशी त्या बाईने माझ्या हातातून बादली घेतली आणि भरून आणून दिली. दुसरी तोटीशी उभी राहिली.

काटा उतरला. कोंडीरामने गियर टाकला. गाडीने धक्का दिला, धरलं. पावलांच्या वेगाने ती चढायला लागली आणि मी शेजारून चालत जाळीवर पाणी मारत राहिलो. त्या बाया मागून बादल्या आणून देत होत्या. पाय चिखलात, चिखल आमचाच. प्रत्येक बादलीला मी मनात म्हणत होतो, एवढी शेवटची. शेवटच्या वळणावर गाडी दोनदा घसरली, दोनदा धरली. मग माळ दिसला.

आवारात शिरलो तेव्हा गाडीखालून काळं तेल गळत होतं. टाकी निम्म्यावर आली होती. पण निम्मी टाकी होती! मालतीबाईंनी पायरीवरूनच विचारलं, "आलं?" आणि उत्तराची वाट न बघता त्या आत वळल्या. आया, नर्स, शेरडंवाल्या दोघी, ज्यांना उठता येत होतं त्या दाखल बायासुद्धा, सगळ्यांनी घागरी लावल्या. मीही चुलीपर्यंत पाणी वाहून नेत राहिलो. आतलं दार बंद झालं. त्यापुढे आम्हाला करायला काही उरलं नाही.

मी ओसरीला टेकून खाली बसलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. कुठूनसा एकसारखा घुरघुर आवाज येत होता, त्याकडेही माझं लक्ष नव्हतं.

मग दाराआडून मूल रडलं. बारीक, चिडलेलं रडणं. थोड्या वेळाने मालतीबाई बाहेर आल्या, तोंडावरचा कपडा खाली ओढला आणि म्हणाल्या, "दोघी बऱ्या आहेत. नात झालीय, कोंडीरामना सांगा."

कोंडीराम ओसरीवर नव्हता. मी धावत आवारात आलो. तो गाडीतच होता. दोन्ही पाय खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर काट्यावर. गियरबॉक्स कायमचा गेला होता, ती गाडी पुन्हा कधी चालणार नव्हती. पण इंजिन चालू होतं. आम्ही पोचल्यापासून ते तसंच चालू होतं. बंद करा म्हणून सांगायचं मी विसरलो होतो. आणि आयुष्यभर उतारावर थेंबथेंब पेट्रोल वाचवणारा तो माणूस, लेक आत मरते की जगते हे कळत नसताना, पेट्रोल जाळत तिथे बसून होता.

मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "दादा, नात झाली. पारू बरी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. हात मात्र किल्लीवर गेला नाही.

"मिस्त्री," त्याने विचारलं, "आता बंद करू का?"